गुरुवारची सुट्टी : दळण, बँक आणि दुपारचा जुना चित्रपट

भोसरीकर (धागाकर्ता)

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नव्हे तर गुरुवारी असते, ही गोष्ट बाहेरगावच्या पाहुण्यांना दरवेळी नव्याने समजावून सांगावी लागते. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम चालू राहिले तर विजेचा भार पेलणार नाही, म्हणून औद्योगिक वसाहतींना भागवार वेगवेगळे वार नेमून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. लग्ने, बारशी, मुलांच्या शाळेचे मेळावे, सोसायटीच्या सभा हे सगळे रविवारी होत असल्यामुळे आमच्यापैकी बहुतेक जण या गुरुवारावर निवृत्त होईपर्यंत कुरकुर करतात. माझे मत उलटे आहे आणि तेच मांडण्यासाठी हा धागा काढला आहे. आठवड्याच्या मधला वार सुट्टीला मिळणे ही खरी चैन आहे, कारण त्या दिवशी आपण मोकळे असतो आणि ज्यांच्याकडे आपले काम अडलेले असते ते सगळे आपापल्या खुर्चीवर बसलेले असतात. रविवारी दोन्ही पक्ष घरी असतात. शनिवारचाही भरवसा उरलेला नाही, कारण २०१५च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, आणि आपण पासबुक घेऊन जातो तो शनिवार नेमका दुसरा किंवा चौथा निघतो.

माझा क्रम साधारणपणे ठरलेला आहे. बाहेरची कामे अकराच्या आत, घरातली कामे जेवणापर्यंत आणि जेवणानंतर एक जुना चित्रपट. यात पहिला मान गिरणीचा. रविवारी गिरणीत डब्यांची रांग दारापर्यंत आलेली असते आणि आपल्या गव्हाच्या आधी जात्यात कोणाची डाळ पडली, कोणाची बाजरी पडली, याकडे लक्ष द्यायला गिरणीवाल्यालाही सवड नसते. गुरुवारी सकाळी गेले की ते काका स्वतःहून विचारतात, आधी ज्वारी टाकू की गहू. ज्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो त्यांनी हरभऱ्याच्या डाळीवर लगेच दळलेल्या गव्हाच्या पोळ्या एकदा खाऊन पाहाव्यात. दळण झाले की डब्याचे झाकण तिरके ठेवायचे असते, कारण पीठ चांगलेच तापलेले असते आणि झाकण घट्ट बसवले तर आतल्या वाफेने कडेला गुठळ्या धरतात. स्कूटरवर पायांच्या मध्ये तो डबा ठेवून घरी येताना पोटऱ्यांना जी ऊब लागते, तिच्यासाठी डिसेंबरात मी दळण मुद्दाम थोडे थोडे नेतो, असा घरच्यांचा आरोप आहे.

त्यानंतर भांड्यांच्या दुकानात जायचे. कुकरची रिंग, मिक्सरच्या भांड्याचा तळाचा कपलर, शेगडीचे बटण, असल्या वस्तू आठवडाभर एका पिशवीत जमत असतात. येथे एक सूचना करून ठेवतो, ती म्हणजे जुनी रिंग बरोबर न्यावी. ‘पाच लिटरची द्या’ एवढ्याने भागत नाही, कारण आत बसणाऱ्या झाकणाची रिंग आणि बाहेरून बसणाऱ्या झाकणाची रिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गर्दी नसलेल्या दिवशी दुकानदार भांडे उलटे करून बघतो आणि नवीन भांडे घेण्याऐवजी आतले बूश बदलले तरी चालेल, हे स्वतः सांगतो. तोच दुकानदार रविवारी मला नवीन भांडेच विकेल आणि त्यात त्याचा दोष नसेल.

गुरुवारला दोन अडचणी आहेत, त्या लपवत नाही. गुरुवारी केस कापू नयेत आणि जड धुणे काढू नये असा आमच्या मातोश्रींचा नियम आहे, त्यामुळे सलून रिकामे दिसत असूनही मला आत जाता येत नाही. दुसरी अडचण विजेची. कारखाने बंद असल्यामुळे आमच्या भागातील वाहिन्यांची दुरुस्ती महावितरण गुरुवारीच काढते, आणि पाणीपुरवठा विभागालाही मोठ्या दुरुस्तीसाठी बऱ्याचदा हाच वार सापडतो. म्हणून बुधवारी रात्री पिंप भरणे, लॅपटॉप पूर्ण चार्ज करणे आणि दुपारचा चित्रपट आधीच उतरवून ठेवणे, ही कामे मी सुट्टीच्या हिशेबात धरत नाही, पण ती केल्याशिवाय सुट्टी सुखाची होत नाही.

आता चित्रपटाविषयी. दुपारी मी जो चित्रपट लावतो त्याच्यासमोर हात रिकामे नसतात. मेथी निवडायची असते, शेंगा सोलायच्या असतात, इस्त्रीला द्यायचे कपडे वेगळे करायचे असतात. अशा वेळी १९५०च्या आणि ६०च्या दशकांतील मराठी चित्रपटांसारखा सोबती नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यातील बहुतेक नट रंगभूमीवर तयार झालेले असल्यामुळे शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो आणि मान खाली घालून मेथीच्या काड्या मोडत बसले तरी कथा हातातून सुटत नाही. राजा परांजपे यांचा १९५२ सालचा ‘लाखाची गोष्ट’ घ्या. ठरावीक मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवण्याची अट एका कफल्लक तरुणाला घातली जाते आणि पैसे संपता संपत नाहीत, ही त्यातील गंमत नुसत्या कानांनीही पुरेपूर समजते. बँकेतून परतलेल्या माणसाने तो जरूर पाहावा. राजा ठाकूर यांचा १९७० सालचा ‘मुंबईचा जावई’ हाही असाच संवादांवर चालणारा चित्रपट आहे. चाळीतल्या अपुऱ्या जागेत नवविवाहित जोडप्याची जी कुचंबणा होते ती दाखवताना त्यात जी भांडी वाजतात, ती आपल्याच स्वयंपाकघरात वाजत आहेत असा भास होतो. बासू चटर्जी यांनी त्यावरून १९७२ मध्ये हिंदीत ‘पिया का घर’ केला, पण दुपारी मला मराठीच बरा वाटतो.

आपली सुट्टी कोणत्या वारी असते, त्या दिवशी कोणती कामे आधी उरकता आणि हात कामात असताना कोणता चित्रपट चालतो, हे वाचायला आवडेल.

सदाफुली

भोसरीकर दादा, लेख आवडला आणि झाकण तिरके ठेवण्याचा मुद्दा तर अगदी योग्य आहे. तरीही एक शंका मनात आली ती विचारते. आपण जी कामे सुट्टीचा आनंद म्हणून वर्णन केली आहेत ती आनंदाची वाटतात, कारण ती आपल्या वाट्याला आठवड्यातून एकदा येतात. जी बाई रोज मेथी निवडते ती त्याच्यावर धागा काढत नाही. मी शाळेत शिकवते, मला रविवारी सुट्टी असते आणि सुट्टीच्या दिवशी घरातील सर्वांना चार वेळा काहीतरी खायला हवे असते, म्हणजे शाळा असते त्या दिवसापेक्षा स्वयंपाकघरातला वेळ वाढतो. म्हणून आता मी एक नियम केला आहे. दुपारची भांडी घासून झाली की ओटा कोरडा पुसायचा आणि गॅसचा नॉब सिलिंडरपाशी बंद करायचा. रात्री मुगाची खिचडी, तीही ज्याला भूक लागेल त्याने लावायची. पहिले काही रविवार घरात बरीच शांतता होती. नंतर यजमानांना खिचडीला पाणी किती घालावे हे समजले.

चित्रपट म्हणाल तर प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ मी अधूनमधून पाहते. सगळे विष्णुपंत पागनीस यांच्या मुद्रेविषयी बोलतात आणि ते रास्तच आहे, परंतु माझे लक्ष गौरी यांनी उभ्या केलेल्या आवलीवर असते. तुकोबा भजनात रंगलेले असतात आणि घरात मुले, म्हैस, चूल आणि सावकार हे सगळे तिच्या अंगावर असते. तिची चिडचिड दामले आणि फत्तेलाल यांनी हास्यास्पद केलेली नाही, तिला तिचा मान दिला आहे, आणि हे १९३६ साली केले आहे. तुकोबांना वैकुंठाचे विमान आले, आवलीला एका दुपारचीही सुट्टी मिळालेली दिसत नाही. हा चित्रपट पाहताना मी हातात काहीही काम घेत नाही.

तिसरी_घंटा

सदाफुली ताईंच्या शेवटच्या वाक्यावर मला अधिक लिहायचे आहे. भोसरीकर, आपली आवड मान्य केली तरी आपण चित्रपट पाहत नाही, ऐकता, आणि या दोन गोष्टींची गल्लत आपण फार खुशीत केली आहे. आपण ज्या काळाची स्तुती करता त्याच्या थोडे मागे गेलो की ही सोय बंद होते. व्ही. शांताराम यांचा १९३७ सालचा ‘कुंकू’ मेथी निवडत पाहून दाखवा. त्यात पार्श्वसंगीत वापरलेलेच नाही, जे ऐकू येते ते घरातले आणि रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज आहेत. प्रसंग करुण आहे की भीतीचा, हे सांगायला मागे व्हायोलिन नाही. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ त्याच्याविषयी जे सांगते ते डोळ्यांनीच घ्यावे लागते, आणि शांता आपटे यांच्या चेहऱ्यावरचा नकार संवादाच्या आधी येतो. मान खाली घातली की तेवढा चित्रपट गेला. त्याच चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीची, म्हणजे ‘दुनिया न माने’ची गोष्टही हीच.

माझी सुट्टी सोमवारी असते, कारण मी ज्या दुकानात काम करतो ते रविवारी उघडे असते. मी कामे आणि चित्रपट यांच्यामध्ये भिंत घालतो. सकाळी कोळिष्टके काढणे, पंख्यांची पाती पुसणे, रद्दी बांधणे, चपला शिवायला देणे हे सगळे होते. पंख्याच्या पात्यांना मी जुनी उशीची खोळ घालून ओढतो, म्हणजे धूळ खोळीत जाते आणि गादीवर पडत नाही. मग अंघोळ, मग जेवण, आणि मग खिडकीचा पडदा ओढून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून चित्रपट. हे जमत नसेल त्या दिवशी मी चित्रपट लावत नाही, आकाशवाणी लावतो. तिचा जन्मच हात कामात असलेल्या माणसांसाठी झालेला आहे.

भोसरीकर

तिसरी_घंटा, ‘कुंकू’चे उदाहरण बिनतोड आहे आणि तो मी कधीही काम करताना लावलेला नाही. मात्र आपला नियम सर्व चित्रपटांना सारखाच लावणे मला जाचक वाटते. काही चित्रपट समोर बसून पाहण्यासाठी असतात आणि काही घरात वावरण्यासाठी असतात. दूरदर्शनच्या काळात शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा तेव्हा सगळे घर टीव्हीसमोर असायचे खरे, पण त्या घरात कोणी लसूण सोलत असायचे, कोणी वह्यांना कव्हर घालत असायचे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला संवाद पाठ असायचे.

सदाफुली ताई, आपला मुद्दा वर्मी लागणारा आहे. त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही, एवढीच माहिती आहे की आमच्या घरी गुरुवारचा सकाळचा स्वयंपाक मी करतो. तो कसा होतो याविषयी येथे लिहिणार नाही.

डोंबिवली_लोकल

सर्वांचे लेखन वाचून मला थोडी धास्तीच वाटली. सुट्टीच्या दिवशी दळण, बँक, कुकरची रिंग, पंख्याची पाती आणि वर चित्रपटाची शिस्त, हे सगळे असेल तर ती सुट्टी कसली? रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. मी तो रेल्वेने दिलेला सल्ला समजतो आणि घरी राहतो. आठवड्यातील कामे मी आठवड्यातच मोडून टाकतो. स्टेशनवरून घरी येण्याच्या वाटेवर चांभार, इस्त्रीवाला, औषधांचे दुकान आणि भाजी या क्रमाने सगळे येते, तेव्हा सोमवारी एक, मंगळवारी एक असे काम टाकत गेले की रविवारसाठी काही उरत नाही. गाडीतून उतरल्यावर पाय घराकडे ओढत असतात हे खरे, परंतु दहा मिनिटांचा तो कंटाळा मला रविवारच्या अर्ध्या दिवसापेक्षा स्वस्त पडतो.

रविवारी मी नाश्त्यानंतर अमोल पालेकर यांचा एखादा चित्रपट लावतो. ‘छोटी सी बात’मधला बसथांबा, ती कचेरी, जहांगीर कलादालनातले ते समोवार उपाहारगृह, हे सगळे पाहिले की मुंबईला रोज जाऊनही मुंबईत जायची इच्छा होते. समोवार २०१५ मध्ये बंद झाले, पण चित्रपटात अजून चालू आहे. माझ्या दृष्टीने तेवढेच रविवारचे बाहेर पडणे पुरेसे आहे.

जुना_गिरणगावकर

रविवारचा विषय निघाला आहे म्हणून वयाच्या अधिकाराने एक गोष्ट सांगतो. आपण जो रविवार इतक्या सहजपणे नावे ठेवून बाजूला सारतो तो गिरणी कामगारांना मागून मिळालेला नाही, झगडून मिळालेला आहे. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही लोखंड्यांच्या मागणीमागचे एक कारण होते. विश्रांतीबरोबरच घरच्या आणि समाजाच्या कामांसाठी कामगाराला एक दिवस हवा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे सुट्टीच्या दिवशी कामे करावीत की करू नयेत हा वाद आजचा नाही.

आमच्या लहानपणी लालबागेत वडिलांची खरी कामे रविवारी होतच नसत, कारण रविवारी पोस्ट बंद असायचे आणि कोकणात मनीऑर्डर तर पाठवायची असायची. म्हणून दुसरी पाळी लागण्याची वाट पाहिली जाई. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी मिळत असे. त्या सकाळी पोस्ट, रेशन, न्हावी आणि भिशी हे सगळे उरकून, डबा घेऊन माणूस भोंग्याआधी गिरणीच्या दारात हजर होई. रविवार उरत असे तो भजनाला, पत्त्यांना आणि भारतमाता चित्रपटगृहाला. तेथे मराठी चित्रपट लागत आणि प्रेक्षकांत निम्मे लोक एकमेकांना खात्याच्या नावाने ओळखणारे असत. पडद्यावर दादा कोंडके आले की जो गलका होई त्यात पुढचे दोन संवाद बुडून जात आणि ते कळावेत म्हणून लोक पुन्हा तिकीट काढत. भोसरीकर, तुमच्या मेथीवाल्या चित्रपटात असा गलका ऐकू येत नाही, तेवढे एक उणे आहे.

अटलांटिकपलीकडे

गिरणगावकर काका, फार सुंदर लिहिले आहे. मी न्यू जर्सीत राहते आणि येथे शनिवार हा कामांचा दिवस असतो. धुणे यंत्रात टाकायचे, तेवढ्यात एडिसनच्या ओक ट्री रोडवर जाऊन महिन्याचे वाणसामान आणायचे, परत येऊन धुणे वाळवणीच्या यंत्रात हलवायचे, अशी ही वर्तुळे असतात. गिरणी नाही, पिठाची पिशवी मिळते. काही घरांत घरघंटी आली आहे आणि तिच्या मालकिणीला आमच्यात बराच भाव आहे, कारण थालिपिठाची भाजणी तिच्याकडेच दळून मिळते.

मला येथे एक वेगळा अनुभव मांडायचा आहे. माझे आईवडील सांगलीला असतात आणि शनिवारी आम्ही एकच जुना चित्रपट एकाच वेळी लावतो. उन्हाळ्यात येथे सकाळचे नऊ वाजलेले असतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. फोन स्पीकरवर ठेवायचा, तीन-दोन-एक म्हणून दोन्हीकडे एकदम चालू करायचे. बाबा मध्येमध्ये कोणता नट कोणाचा मेहुणा होता ते सांगतात आणि मी कपड्यांच्या घड्या घालते. नोव्हेंबरात येथील घड्याळे एक तास मागे जातात, मग त्यांच्याकडे साडेसात होतात आणि बाबांच्या जेवणाची वेळ आड येते. त्यावर आईने असा तोडगा काढला आहे की हिवाळ्यात लांब चित्रपट लावायचे नाहीत. राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ मात्र मी त्यांच्याबरोबर पाहायचे टाळते. उतारवयातील मास्तर आणि त्यांची पत्नी मुलांच्या घरी वेगवेगळे वाटून राहतात, हे फोनच्या दोन टोकांना बसून पाहणे कोणालाच सोपे जाणार नाही.

रजा_शिल्लक

मी हिंजवडीत नोकरी करतो, शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुट्टी असते आणि तरीही सोमवारी काहीच झाले नाही असे वाटते, म्हणून हा धागा दोनदा वाचला. दोन प्रश्न आहेत. किराणा, औषधे आणि कुकरची रिंगसुद्धा आता दारात येत असताना दुकानात जाण्याचा आग्रह कशासाठी? आणि मला जुने चित्रपट फार संथ वाटतात, तर सुरुवात कोठून करावी? कृपया रागावू नये.

तिसरी_घंटा

रागावण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९७९ सालच्या ‘गोलमाल’पासून सुरुवात करावी. कचेरीत खोटे कारण सांगून हॉकीचा सामना पाहायला गेलेला नायक साहेबांच्या नजरेस पडतो आणि मग एक खोटे निभावण्यासाठी त्याला जुळा भाऊ उभा करावा लागतो. उत्पल दत्त यांच्या चेहऱ्याकडे पाहिले की संथपणाची तक्रार उरणार नाही. तेथून मागे मागे या. ‘प्रभात’पाशी एकदम उडी मारू नये, कारण जालावर ज्या प्रती मिळतात त्यांपैकी अनेक अंधुक आहेत, आवाज खरखरीत आहे, आणि नवख्या माणसाला तो दोष चित्रपटाचाच वाटतो. पुण्यात राहत असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटांचे खेळ होतात त्यांवर लक्ष ठेवा. चांगली प्रत, मोठा पडदा आणि शेजारी गप्प बसलेली माणसे, एवढे मिळाले की १९३०च्या दशकाचा वेग आपोआप अंगवळणी पडतो. जाताना मेथी नेऊ नये.

डोंबिवली_लोकल

पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत मी रजा_शिल्लक यांच्या बाजूने आहे. रिंग दारात येत असेल तर येऊ द्यावी.

सदाफुली

आणि ती चुकीची आली की परत पाठवण्याची खटपट घरातील कोण करते, हेही पाहावे.

भोसरीकर

रजा_शिल्लक, पहिल्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वाने देण्यापेक्षा उद्याच्या बेताने देतो. नोव्हेंबर चालू आहे आणि मातोश्रींना निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, ही सोय काही वर्षांपासून आहे आणि मी ती त्यांना दाखवलीही. पाच मिनिटांत काम होईल असे सांगितल्यावर त्यांनी मला विचारले की मग बँकेत कोण जाणार. त्यांच्या बरोबरीच्या निवृत्त शिक्षिका याच महिन्यात त्या शाखेत येतात, बाकावर बसून कोणाचे गुडघे कसे आहेत, कोणाची नात कोठे गेली आणि यंदा कोण आलेले नाही याची चौकशी होते, आणि त्यानंतर शेजारच्या उपाहारगृहात इडली खाल्ली जाते. बँकेच्या हिशेबी तो पाच मिनिटांचा व्यवहार आहे. आईच्या हिशेबी त्याला निदान दोन तास लागतात आणि त्यासाठी ठेवणीतली साडी काढलेली आहे.

तेव्हा उद्या गिरणीचा नंबर नंतर लागेल. साडेदहाला बँकेत पोहोचायचे आहे आणि रिक्षा सांगून ठेवली आहे. महावितरणचा संदेश अजून आलेला नाही, पण लॅपटॉप चार्जिंगला लावला आहे. चित्रपट आई निवडणार आहे, आणि वाल सोलायचे आहेत हे मी तिसरी_घंटा यांना कळू न देता लावणार होतो.

तिसरी_घंटा

कळले. ‘कुंकू’ सोडून काहीही लावा.